घोडी कोणी धरली होती?

आधीच सांगून ठेवतो — अमावस्या नाही. पांढरी साडी नाही. घाटात बंद पडलेली गाडी नाही, "भाऊ, माचिस आहे का" म्हणणारा उलट्या पायाचा माणूस नाही. शनिवारची दुपार, एसी चालू, सगळे लाइट चालू, अन् समोर रिसेप्शनवाली मॅडम डब्यातली भेंडी खाऊन राहिली... बस, एवढाच सेट आहे आपला. ज्यायले भ्यायचं आहे त्यायनं दुसऱ्या कोणाचा अनुभव वाचा, विहिरीवाले, पिंपळावाले लय आहेत इथं. माह्या अनुभवात भ्यायसारखं काहीच नाही. मलेच भीती नाही वाटली तर तुम्हाले काय वाटन.

अन् मी मानत नव्हतो असलं काही. मानणार कसा? उमरेडले आमच्या शाळेमागं जे भूत होतं, ते मीच होतो. शाळेच्या बंद पडलेल्या संडासात बसून हेडमास्तरच्या आवाजात म्हणायचो, "कोण आहे रे तिकडे?" पोट्टे दप्तर टाकून पळायचे. एकदा खुद्द हेडमास्तर पळाले, स्वतःचाच आवाज ऐकून. त्यामुळं भुताचं काम कसं चालते हे मले कोणी सांगू नये. मी लाइनमधला माणूस आहो.

नाव सूरज, पण सगळे रेडू म्हणतात. रेडिओचा शॉर्टफॉर्म. एसटीचा कंडक्टर, खाणीचा भोंगा, लिफ्टमधली इंग्लिश बाई, लग्नातला भटजी... सगळे गळ्यात भरून ठेवले आहेत. आमच्या शेठचा आवाज तर असा काढतो का शेठच्या बायकोनं एकदा फोनवर मलेच भाजी आणाले सांगतलं होतं. मी आणून दिली. मेथी होती.

आता काम सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. लकडगंजले शेठचं पाट्यायचं वर्कशॉप आहे. दुकानावरचे मोठे बोर्ड दुसरी टीम लावते, आपण आतले लावतो... ऑफिसातले. 'मीटिंग रूम', 'एच. आर.', 'पुश', 'पुल', पुरुष, महिला. तुम्ही एखाद्या ऑफिसात 'पुरुष' समजून भलत्याच दरवाज्यात घुसले, तर समजायचं का आम्ही अजून तिथं पोचलो नाही.

लोकायले वाटते, आतलं काम म्हणजे आराम. ऊन नाही, वारा नाही, वरतून लटकायचं नाही. पण खरं सांगू का, माणूस आतच फसते. बाहेर माणूस भिऊन असते म्हणून बेल्ट लावते, हेल्मेट घालते. आत एसीत सगळे म्हणतात, "दोनच तर स्क्रू आहेत." फरशी अशी चकाचक का त्यात केस विंचरा. भिंतीच्या मागून कोणती वायर गेली हे ज्यानं टाकली त्यालेच आठवत नाही. अन् सगळ्यात बेकार चीज म्हणजे दरवाजा. तुम्ही दरवाज्यावर पाटी लावून राहिले, अन् पलीकडून कोणी आलं ढकलून... मंग पाटीवर काय लिहिलं होतं हे तुमच्या घरच्यायले दुसऱ्या कोणाकडून ऐकावं लागते.

आम्ही जिच्यावर चढतो तिले घोडी म्हणतात. उघडून उभी करायची, दोन बाजूचे पाय असलेली शिडी. आईले मी फोनवर सांगितलं का आज दिवसभर घोडीवर होतो, तर ती म्हणते, "रोज चढतो गा घोडीवर, बाशिंग बांधून कधी चढशीन?"

ह्या घोडीवर चढाले मले मोरूभाऊनं शिकवलं.

मोरूभाऊ म्हणजे माहे जोडीदार. दिघोरीले राहायचे. माह्यापेक्षा बरेच मोठे, डोक्याले टक्कल, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, अन् बोलणं एवढं कमी का व्हॉट्सअ‍ॅपवरही फक्त अंगठा पाठवायचे. पण घोडीच्या बाबतीत माणूस एकदम कडक. वर चढणाऱ्यानं पहिले म्हणायचं — "धर". खालच्यानं दोन्ही हातानं घोडी धरून, पाय रोवून म्हणायचं — "धरलं". ते ऐकू आल्याशिवाय वरच्यानं दुसरा पाय उचलायचा नाही. काम झालं, खाली उतरलो, दोन्ही पाय फरशीले टेकले, का म्हणायचं — "सोड". मंग खालच्यानं म्हणायचं — "सोडलं". मधात साहेब येवो, चहा येवो, फोन वाजो... "सोड" कानावर आल्याशिवाय हात काढायचा नाही.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "धरा भाऊ."

"काय म्हटलं?"

"धरा."

"धर म्हण. 'धरा'त एक काना जास्त आहे. पडणाऱ्याजवळ तेवढा टाइम नसते."

"तुम्हाले कसं काय अरे-तुरे करू?"

"खालतं नको करू. खालतं मी मोठा आहो. घोडीवर कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही... एक वरचा अन् एक खालचा."

म्हणून जगात एकच जागा होती जिथं मी मोरूभाऊले 'तू' म्हणायचो. पाय फरशीले लागला का परत 'तुम्ही'.

एकदा मी खाली उतरून तसाच फोनवर बोलत बाल्कनीत गेलो. 'सोड' म्हणायचं राहून गेलं. परत येऊन पाहतो तर हा माणूस मोकळी घोडी धरून उभा. ऑफिसातले लोक येता-जाता पाहून राहिले.

"भाऊ, काहून उभे आहा?"

"तू सोड म्हटलं नाही."

"मी तर खाली आलो ना. दिसून नाही राहिलो काय?"

"दिसून राहिला. म्हटलं नाही."

मी हसून हसून फरशीवर बसलो. ते हसले नाहीत. मी 'सोड' म्हटलं तेव्हाच त्यायनं हात काढले, अन् मंग निवांत जाऊन खर्रा थुंकून आले.

त्यायचं 'धरलं' मात्र ऐकण्यासारखं होतं. गालात खर्रा असल्यानं ते निघायचं 'धल्लं'. छोटं, जड... कोणी गव्हाचं पोतं हळूच खाली ठेवावं तसं. तो आवाज आला का माणूस वरतं नाचला तरी काही होत नाही, असं वाटायचं.

मागच्या वर्षी भाऊले ताप आला. डेंगू. आपण म्हणतो ना, ताप तर आहे, होईन बरा... नाही झाला. मी एका बँकेत 'कृपया शांतता राखा' लावून राहिलो होतो तेव्हा फोन आला.

त्यानंतर मी रविवारी दिघोरीले जाऊ लागलो. वैनी शिलाईचं काम करते. काही खास नसते, तिले धाग्याची रिळं आणून द्यायची, नळाचा वायसर बदलायचा, चहा प्यायचा. भाऊ होते तेव्हा मी तिथं गेलो का वैनी म्हणायची, "रेडू, शेठ लाव." मी शेठ लावायचो, वैनी मशीन थांबवून हसायची, अन् मोरूभाऊ पेपरच्या मागून म्हणायचे, "पाणी द्या गा शेठले."

एका रविवारी वैनी म्हणाली, "एक आवाज काढतो का?"

"कोणाचा? शेठचा?"

वैनी मशीनची सुई पाहत बसली. मंग मले समजलं.

मी म्हटलं, आपल्या हातचं काम आहे. वर्षानुवर्षं कानाखाली होता तो आवाज. गळा साफ केला, डोळे मिटले अन् म्हटलं — "धल्लं".

वैनीनं मान हलवली. नाही.

परत काढला. खालच्या पट्टीत काढला, नाकातून काढला, गालात सुपारी कोंबून काढला. वैनी शेवटी म्हणाली, "राहू दे गा. त्यातून तूच येऊन राहिला."

आता तुम्ही म्हणाल, मोबाईलमध्ये काही नाही का? आहे. पुतणीच्या लग्नातला एक व्हिडिओ आहे. त्यात मागं डीजे वाजून राहिला अन् भाऊ नुसतं तोंड हलवतात. वैनीनं तो कितीदा पाह्यला असन काय माहीत. मी पण पाह्यला. ओठ वाचायचा प्रयत्न केला. बहुतेक म्हणून राहिले आहेत, "भात वाढा."

मंग माहं चालू झालं. आंघोळ करताना, गाडीवर हेल्मेटच्या आत, झोपताना... धल्लं, धल्लं, धल्लं. सगळं जग गळ्यात होतं अन् एक तेवढा शब्द नाही. मजाक करायचा म्हटला तर कोणाचाही काढू शकत होतो. पण ऐकू यावा म्हणून पाहिजे होता तो येत नव्हता. मले तर कधी कधी वाटायचं, विसरलोच आपण. जो आठवते तो पण चुकीचाच आठवून राहिला.

आता तो शनिवार.

वर्धा रोडवर एक नवी ऑफिसची इमारत आहे, नाव सांगत नाही. सहावा मजला. अर्धं ऑफिस सुट्टीवर होतं. माह्यासोबत आता प्रफुल असते, काटोलचा. चांगला पोट्टा आहे, 'धर'-'धरलं' मी त्यालेही शिकवलं. त्या दिवशी फक्त 'पँट्री'ची पाटी राह्यली होती, पँट्रीच्या दरवाज्यावर. रिसेप्शनच्या बाजूनं पिवळी टेप लावली. पलीकडून लावली नाही, कारण हाउसकीपिंगवाल्यानं सांगतलं, पँट्री शनिवारी बंद असते. हे जे "बंद असते" आहे ना, हे ऐकून घ्यायचं नसते, जाऊन पाहायचं असते. पण नाही पाह्यलं.

ड्रिलची बिट तुटली. प्रफुल दुसरी आणाले खाली गाडीकडे गेला. गेला तो गेलाच, गेटवर त्याले सिक्युरिटीवाल्यानं पकडलं, पास कुठं आहे म्हणून. इकडे मले भूक लागलेली. वरची दोन छिद्रं तर पाडून झालीच होती, पाटी अडकवून नुसते स्क्रू कसायचे होते. मी म्हटलं... जे सगळे म्हणतात तेच म्हटलं. दोनच तर स्क्रू आहेत.

घोडीवर एक पाय ठेवला अन् सवयीनं तोंडातून निघालं, "धर".

"धल्लं."

अन् मी चढलो.

हो, चढलो. तुम्ही हसान, पण तसंच झालं. 'धर' म्हटलं, 'धल्लं' आलं, माणूस चढते. त्यात विचार करायसारखं काय आहे? वर गेलो, पाटी धरली, पहिला स्क्रू कसला. दुसरा लावताना हात थांबला.

प्रफुल तर खाली आहे.

अन् प्रफुल 'धल्लं' नाही म्हणत. प्रफुल खर्रा खात नाही, प्रफुल 'धरलं भाई' म्हणते.

तेवढ्यात पँट्रीचा दरवाजा पलीकडून कोणीतरी ढकलला. चांगला अंगानं ढकलला. दरवाजा घोडीच्या पायावर 'धप्प' करून आदळला. त्या फरशीवर घोडी मले घेऊन सरळ रिसेप्शनच्या काचेत जायला पाहिजे होती. मी डोळे मिटले, पाटीलेच गच्च धरलं, म्हणजे बघा किती अक्कल.

घोडी हालली नाही.

घोडीवर काम करणाऱ्याच्या पायाले एक गोष्ट समजते. न धरलेली घोडी बारीक कापत असते, आपल्याच श्वासानं. धरलेली घोडी गप असते. ही गप होती. एकदम गप.

दरवाज्याच्या फटीतून आवाज आला, "अरे भैया, बोलना था ना घोडी लगी है!" पाण्याचे कॅन पोचवणारा होता, सर्व्हिस लिफ्टनं मागून आला होता. खांद्यावर कॅन, पाठीनं दरवाजा ढकलून राहिला होता बिचारा. म्हणाला, "अच्छा हुआ नीचेवाले ने पकड के रखा था."

मी वरूनच विचारलं, "तुमने देखा उसको?"

"देखा नहीं. पर पकडा तो था. दरवाजा ऐसे दबा के रखा था किसीने." अन् कॅन घेऊन परत फिरला, दुसऱ्या बाजूनं येतो म्हणून.

आता इथं हिरो असता तर त्यानं खाली पाह्यलं असतं. मी नाही पाह्यलं. खाली पाह्यलं असतं तर एक तर भाऊ दिसले असते, नाहीतर नसते दिसले. मले दोन्ही नको होतं. मले फक्त ऐकाचं होतं.

मी पाटीकडे तोंड करून हळूच म्हटलं, "धर."

"धल्लं."

तोच. पोतं ठेवल्यासारखा. मी जो आठवून राहिलो होतो त्यापेक्षा थोडा पातळ होता, अन् शेवटी थोडी कटकट होती त्यात... धरलं म्हटलं ना एकदा, असं. ती कटकट मी विसरूनच गेलो होतो. माह्या नकलेत तीच नव्हती.

मी म्हटलं, "भाऊ, जेवले का?"

काही नाही.

"भाऊ, वैनी आठवण काढते."

काही नाही. एसीचा आवाज, अन् मॅडमच्या डब्याचा चमचा.

मंग समजलं. मी 'भाऊ' म्हणून राहिलो होतो. घोडीवर कोणी भाऊ नसते. घोडीवर फक्त घोडीचं बोलायचं.

"धर."

"धल्लं."

मी तो दुसरा स्क्रू कसला. मंग ढिला केला. परत कसला. परत ढिला केला. दर वेळी 'धर' म्हणायचो अन् दर वेळी खालून उत्तर यायचं. एकदाही चुकलं नाही, एकदाही उशीर नाही. माहे डोळे भरून आले होते, गॉगलच्या आत पाणी साचलं, पुसता येत नव्हतं कारण गॉगल काढाले हात सोडावा लागतो अन् ते नियमात नाही.

मॅडम म्हणाली, "दादा, झालं ना? पाटी सरळच आहे."

"थोडीशी डावीकडे आहे मॅडम."

"मले तर सरळ दिसून राहिली."

"तुम्ही खालून पाहून राहिल्या ना."

किती वेळ गेला माहीत नाही. मॅडमनं डबा धुऊन आणला तरी मी वरच. शेवटी लिफ्ट उघडली अन् प्रफुल ओरडला, "अबे रेडू, एकटाच चढला काय बे?"

मी उतरलो. एक पाय, दुसरा पाय, दोन्ही फरशीवर. 'सोड' तोंडात आलं होतं. अगदी दातापर्यंत आलं होतं.

मी नाही म्हटलं.

विसरलो नाही. मुद्दाम नाही म्हटलं. म्हटलं का तो हात काढणार... अन् एकदा हात काढला का मंग कोणाले माहीत.

प्रफुल घोडी मिटवाले गेला तर मी म्हटलं, "राहू दे, सोमवारी आतल्या पाट्या आहेत." दरवाज्याले दोन्हीकडून टेप मारली, कुलूप लावाले सांगतलं अन् घोडी तशीच उघडी ठेवून आलो.

संध्याकाळी शेठचा फोन आला. कॅनवाल्यानं प्रफुलले अन् प्रफुलनं शेठले, सगळं सांगतलं होतं. शेठ मराठीत सुरू झाले, हिंदीत गेले, अन् शेवटी कोणत्या भाषेत होते ते समजलं नाही. एकट्यानं चढला कसा, पलीकडून टेप काहून नाही लावली, मेला असता तर तुह्या आईले मी काय सांगतलं असतं, अन् उघडी घोडी ठेवून येते का कोणी? मी "हो शेठ, हो शेठ" म्हटलं. त्यायच्याच आवाजात निघालं ते, सवयीनं. त्याच्यावर वेगळं ऐकलं.

रविवारी दिघोरीले गेलो. वैनीले सांगू का नको, सांगू का नको करत चहा संपला. मंग सांगून टाकलं. मले वाटलं वैनी रडन. नाहीतर म्हणन का मजाक करतो माह्यासोबत.

वैनीनं मशीन थांबवली. "उतरल्यावर सोड म्हटलं?"

"नाही."

"काहून?"

मी फरशीकडे पाहून राहिलो.

"काहून गा? बोल ना. एवढा बोलका आहे."

"जातील म्हणून."

"अन् मंग आता कुठं आहेत ते?"

हे मी खरंच नव्हतं पाह्यलं विचार करून.

"कालपासून उभं करून ठेवलं त्यायले," वैनी म्हणाली. "आज रविवार. ऑफिस बंद, एसी बंद. टाचायले भेगा होत्या त्यायच्या, घरी आले का पाय टेकवत नव्हते. मी तेल गरम करून लावत होती. तुले काय माहीत? तुले वाटे ते दगडाचे आहेत. तुले ऐकाची हौस आली अन् त्यायनं उभं राहायचं? जिता होता तेव्हाही कोणी बस नाही म्हटलं त्या माणसाले, आताही नाही."

"वैनी, पण ते खरंच असन का..."

"ते तू नको सांगू मले. उद्या जाय अन् सोड म्हण."

सोमवारी ऑफिस उघडल्या उघडल्या गेलो. प्रफुलले म्हटलं, तू सामान घेऊन ये मागून. घोडी तिथंच होती, जशी ठेवली तशी. हात लावला. गप होती.

घोडीवर बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं. बाकीचं तिथं चालत नाही. मी एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला, परत खाली घेतला. दोन्ही पाय फरशीवर जोडून उभा राह्यलो अन् म्हटलं, "सोड."

"सोल्लं."

जरासा दमलेला होता आवाज. बस. मंग माह्या हाताखाली घोडी बारीक कापाले लागली, जशी कोणी न धरलेली घोडी कापते.

आता तुम्ही कमेंटमध्ये जे लिहिणार आहा ते मीच लिहून टाकतो. सीसीटीव्ही पाह्यला का? 'आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात' ही पाटी आम्हीच लावली होती तिथं. कॅमेरा यायचा होता अजून. कोणी ऐकलं का? रिसेप्शनवाल्या मॅडमनं शनिवारी दोन आवाज ऐकले, एक माहा अन् एक जाडा. पण तिले वाटलं मीच दोघंही करून राहिलो, कारण सकाळी मी तिले लिफ्टवाली बाई करून दाखवली होती. प्रफुल पण तेच म्हणते, तूच काढला असशीन बे, तुलेच समजलं नसन. शेठ म्हणतात, उपाशी माणसाले काहीही ऐकू येते. घोडीले रबराचे बूट होते, म्हणून सरकली नाही म्हणतात. असन. मी मानाले तयार आहो. माह्याच गळ्यातून निघाला असन तो आवाज. पण मंग तो आता काहून निघत नाही? आजही रोज काढून पाहतो. कटकट पण टाकून पाह्यली त्यात. मीच येतो. कोणाजवळ उत्तर असन तर सांगा.

सोमवारी संध्याकाळी वैनीकडे गेलो. ती दारातच उभी होती.

"म्हटलं?"

"म्हटलं."

"मंग?"

"'सोल्लं' म्हणाले. दमल्यासारखे."

मले वाटलं आता वैनीले बरं वाटन. ती तशीच चौकट धरून उभी राह्यली. मंग एकदम म्हणाली, "एकटाच गेला होता?"

"हो. तुम्हीच तर म्हटलं, जाय म्हणून."

"मी म्हटलं. मी त्यायच्या टाचायच्या विचारात होती, माह्या ध्यानात नाही आलं. तू कोणाच्या विचारात होता? एवढा मोठा मोबाईल खिशात घालून हिंडतो. शेठचा फोन उचलतो, आईचा उचलतो, त्या प्रफुलचे फालतू व्हिडिओ पाहतो. मले एक फोन लावून खिशात ठेवता येत नव्हता? शनिवारी तर किती वेळ होता तू वरतं, स्क्रू कसत बसला होता म्हणतो. तेव्हाही नाही सुचलं. बयताड आहे का तू? मी मधात काही बोलली नसती गा... नुसतं ऐकलं असतं."